काळा कोट उतरवून राजकारणात जाऊ का? लालबागच्या एका तरुण वकिलाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा लालबागच्या चाळीत वाढलेला, वय एकतीस, काही वर्षं फोर्टच्या सिटी सिव्हिल आणि सेशन्स कोर्टात प्रॅक्टिस. एका पक्षाने आपल्या विधी विभागात पद देऊ केलंय. पुढे नगरसेवक, मग आमदार असं स्वप्न आहे. घरचे म्हणतात, जमत आलेली वकिली हातची जाईल. त्याला विचारायचंय की वकिली सोडावी लागते का, आधीच्या वकील-राजकारण्यांनी काय केलं, आणि सभागृहात गेल्यावर कायदा शिकल्याचा खरंच काही उपयोग होतो का.

मी मुंबईत तीसेक वर्षं वकिली करते आहे. निवडणूक मी कधी लढवली नाही, पण लढवणाऱ्यांचे अर्ज भरून दिलेत, छाननीला उभी राहिले आहे, निवडणूक याचिका दोन्ही बाजूंनी चालवल्यात आणि वेगवेगळ्या पक्षांच्या आमदारांना विधेयकांवर टिपणं करून दिली आहेत. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझा कल कळेल: राजकारणात जरूर जा, पण सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, जिवंत ठेवा, आणि अशीलही टिकवा. नुसती भिंतीवर टांगलेली सनद कामाची नाही.

कायद्याची बाजू आधी उरकून घेऊ. आमदार किंवा खासदार असताना वकिली करता येते. वकिलांचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करणाऱ्याला वकिली करता येत नाही. त्यावर बोट ठेवून लोकप्रतिनिधींना वकिलीची बंदी करा, अशी याचिका सर्वोच्च न्यायालयात गेली होती. सप्टेंबर २०१८ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ती फेटाळली. आमदाराला मानधन आणि भत्ते मिळतात म्हणून तो कुणाचा पगारी नोकर होत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती खानविलकर मूळचे आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातले. मंत्री झालात तर मात्र प्रॅक्टिस थांबवायची असते, आणि तसं करण्यात शहाणपणही आहे. कारण उद्या तुमच्याच खात्याची फाईल समोरच्या वकिलाच्या हातात असेल.

दुसरी एक गोष्ट तरुण वकिलांच्या लक्षात येत नाही. पक्ष सत्तेत असला की विधी विभागातल्या मुलांना बक्षीस म्हणून सरकारी पॅनेलवर घेतात. ते घेताना संविधानाचा अनुच्छेद १९१ डोक्यात ठेवा. ‘लाभाचं पद’, म्हणजे आर्थिक फायदा देणारं सरकारी पद, धारण करणारा माणूस आमदार म्हणून अपात्र ठरू शकतो. राजस्थानात कांता कथुरिया नावाच्या वकील १९६७ मध्ये विधानसभेवर निवडून आल्या. त्याआधी एका लवादाच्या प्रकरणासाठी त्यांना विशेष सरकारी वकील नेमलं होतं. तेवढ्यावरून उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात त्या जिंकल्या, पण बहुमताने, एकमताने नाही. मधल्या काळात राजस्थानच्या विधिमंडळाला पूर्वलक्षी प्रभावाचा कायदाही करावा लागला. एका नेमणुकीच्या पत्रापायी एवढं रामायण झालं. अर्ज भरण्याच्या आधी अशा सगळ्या नेमणुकांचे राजीनामे द्या, ते स्वीकारल्याचं पत्र घ्या आणि त्याची प्रत तिकिटाच्या फाईलमध्ये लावा. नुसता राजीनामा टाकून मोकळं होऊ नका.

आता आधीच्यांनी काय केलं, ते.

या शहरात वकील-राजकारणी म्हटलं की सुरुवात फिरोजशहा मेहतांपासून करावी लागते. महापालिकेच्या मुख्य इमारतीसमोर पुतळा आहे तो त्यांचा. १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन आले आणि पुढची काही दशकं हायकोर्टातली वकिली, पालिका आणि मुंबई प्रांताचं कायदेमंडळ यांत वावरले. त्यांची भाषणं गाजली, हे खरं. पण आज तुमच्या-माझ्या आयुष्यात त्यांचं जे उरलंय ते १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा. मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग, दोघेही वकील, दोघांनीही त्या कायद्याच्या घडणीत हात घातला. नगरसेवकांनी ठरवायचं आणि अंमलबजावणी आयुक्तांनी करायची, ही विभागणी तेव्हाची आहे. मुंबईचा महापौर मानाचा आणि आयुक्त ताकदीचा का, हे कोणी विचारलं तर त्याला त्या कायद्याचं कलम ६४ वाचायला द्या. लालबागमधल्या एखाद्या माळ्यावर बेकायदा बांधकामाची नोटीस चिकटते ती कलम ३५१ ची, म्हणजे त्याच कायद्याची. तुम्ही तिला उत्तर देता तेव्हा त्या दोन वकिलांच्या मसुद्यावरच काम करत असता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे आपण बहुतेक वेळा संविधानापासून बघतो. तुमच्या प्रश्नासाठी मात्र त्यांची मुंबईतली आधीची वर्षं जास्त कामाची आहेत. १९२३ मध्ये त्यांनी हायकोर्टात वकिली सुरू केली. कचेरी होती परळला दामोदर हॉलमध्ये, म्हणजे तुमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. कामं सहज मिळत नव्हती. जातीची भिंत होती आणि मोठ्या सॉलिसिटरांचा आधार नव्हता. उत्पन्नाला जोड म्हणून ते एका खासगी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत, पुढे शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापक आणि १९३५ मध्ये प्राचार्य झाले. हे सगळं चालू असताना १९२७ पासून ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्य होते. १९२८ मध्ये बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी गिरणी कामगार स्त्रियांची बाजू सभागृहात मांडली, आणि पुढच्या वर्षी तो कायदा झाला. १९३७ मध्ये स्वतंत्र मजूर पक्षाकडून निवडून आल्यावर सप्टेंबरमध्ये त्यांनी कोकणातली खोती, म्हणजे खोताने कुळांकडून सारा वसूल करायची पद्धत, रद्द करणारं विधेयक मांडलं. ते खाजगी सदस्याचं विधेयक होतं, मंजूर झालं नाही. पण कुळ म्हणजे कोण, खोताला भरपाई किती, हे सगळं त्यात कलमवार लिहिलेलं होतं. आजचे आमदार खाजगी विधेयकं मांडतात त्यातली कित्येक दोन पानांची असतात आणि उद्देश व कारणे सोडली तर त्यात काही नसतं. फरक इथे कळतो.

आणि हा माणूस शेवटपर्यंत कुणा धनिकाच्या ताटाखालचं मांजर झाला नाही. त्यामागे स्वभाव होताच, पण वकिली आणि शिकवणी यांतून येणारे स्वतःचे पैसेही होते. सनद ठेवा असं मी म्हणते ते याच अर्थाने.

बाळ गंगाधर खेर यांचं नाव तरुणांना खेरवाडीमुळेच माहीत असतं. पेशाने सॉलिसिटर. १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले (तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तसंच म्हणत), आणि १९४६ ते १९५२ पुन्हा सरकारचे प्रमुख. त्यांच्याच काळात १९४७ चा मुंबईचा भाडे नियंत्रण कायदा झाला. इथे मी जरा थांबणार आहे, कारण कायदा लिहिण्याची ताकद आणि धोका दोन्ही याच एका उदाहरणात दिसतात.

त्या कायद्याने प्रमाणभूत भाडं, म्हणजे मालकाला जास्तीत जास्त घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधून टाकलं. महायुद्ध, फाळणी, शहरात येणारे लोंढे या काळात ते योग्यच होतं. त्यामुळे गिरणगावातली माणसं गिरणगावात राहू शकली. पण तारीख बांधली ती बांधलीच. मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली. मालकाला दुरुस्ती परवडेना, इमारती टेकूवर आल्या, पागडी, म्हणजे जागेचा ताबा देताना वरून घेतलेली रक्कम, काळ्या पैशात फिरू लागली. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती भाडेबंदीची तरतूद आता अवास्तव झाली आहे असं स्पष्ट म्हटलं, तेव्हा राज्याला नवा कायदा करावा लागला. तो १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू. या नव्या कायद्यात भाडं वर्षाला चार टक्के वाढवायची मुभा आहे आणि पागडीला कायदेशीर जागा आहे. शिवाय कलम ३ मध्ये अशी एक ओळ आहे की एक कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला भाडेकरू म्हणून संरक्षण नाही. त्या एका ओळीने दक्षिण मुंबईतल्या किती जुन्या कचेऱ्या रिकाम्या केल्या, ते धोबीतलावच्या लघुवाद न्यायालयात जाऊन विचारा. आणि कलम ७(१५)(ड) तर तुमच्या चाळीतल्या प्रत्येक घराचं भवितव्य ठरवतं: भाडेकरू वारला तेव्हा त्याच्यासोबत राहणारा कुटुंबीय कोण? गावाला गेलेला मुलगा की सोबत राहणारा पुतण्या? रेशनकार्ड कुणाचं, मतदार यादीत नाव कुणाचं? या अर्ध्या वाक्यावर आमच्यातल्या कितीतरी जणांनी घरं चालवली आहेत, मीही त्यातलीच.

ते अर्धं वाक्य सभागृहात मंजूर होत होतं तेव्हा बाकावर बसलेल्या किती जणांनी ते वाचलं असेल? वकील आमदाराचं काम तिथे असतं, आणि त्यासाठी कुणी हार घालत नाही.

बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांचं आयुष्य मात्र दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखं आहे. लिंकन्स इनमधून बॅरिस्टर, मूळ रायगडचे, जून १९८० मध्ये मुख्यमंत्री. कामाचा झपाटा असा की संजय गांधी निराधार योजना, सिंधुदुर्ग आणि जालना हे नवे जिल्हे, सगळं दीड वर्षात. जानेवारी १९८२ मध्ये सिमेंट वाटप आणि त्यांनी काढलेल्या प्रतिष्ठानच्या देणग्यांच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांनी त्यांच्याविरुद्ध निर्णय दिला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. पुढची गोष्ट कायद्याच्या विद्यार्थ्यांना जास्त माहीत असते. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आमदार हा दंडसंहितेच्या अर्थाने ‘लोकसेवक’ नाही, आणि पद सोडलेल्या माणसावर खटला चालवायला मंजुरीची गरज नाही. खटला थेट हायकोर्टाकडे पाठवला. १९८८ मध्ये सात न्यायमूर्तींच्या पीठाने तोच आदेश चुकीचा ठरवून मागे घेतला, कारण कायद्याने विशेष न्यायाधीशाकडे दिलेला खटला तसा हलवता येत नाही आणि न्यायालयाच्या चुकीचा फटका पक्षकाराला बसता कामा नये. जलद खटल्याचा हक्क या विषयावर आपण आजही जो निकाल दाखवतो, तोही अंतुल्यांच्याच नावाचा. माझ्या पाहण्यात कायद्याचा इतका जाणकार मुख्यमंत्री कोर्टाच्या पिंजऱ्यातही इतकी वर्षं लढलेला दुसरा नाही. तुम्ही यातून काय घ्यायचं ते तुमच्यावर सोपवते. मला एवढंच जाणवतं की आपण कायदा जाणतो, ही भावना माणसाला कागदावर सही करताना कधीकधी जास्त धाडसी करते.

त्यांच्यानंतर आलेले बाबासाहेब भोसले हेही बॅरिस्टरच, कुर्ल्याच्या नेहरूनगरमधून निवडून आलेले. मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती गिरणी संपाला तोंड फुटलं त्याच आठवड्यात. ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलिसांनी बंड केलं. जेमतेम वर्षभराने पद गेलं. विनोदी स्वभावाबद्दलच लोक त्यांना आठवतात, ते थोडं अन्यायाचं आहे.

कायद्याची पदवी घेऊन राजकारणात गेलेले यापलीकडेही खूप आहेत. यशवंतराव चव्हाण कराडला वकिली करत, वसंतराव नाईक विदर्भात. सुशीलकुमार शिंदे सोलापूरच्या कोर्टात साध्या नोकरीला होते, पुढे पोलिस उपनिरीक्षक झाले, कायदाही शिकले आणि मग मुख्यमंत्री. सांगोल्याचे गणपतराव देशमुख कायद्याचे पदवीधर, अकरा वेळा आमदार. आजच्या मुंबईत आशिष शेलार, अनिल परब, राहुल नार्वेकर ही वेगवेगळ्या पक्षांतली वकील मंडळी तुमच्यासमोर आहेतच. उज्ज्वल निकम २०२४ मध्ये लोकसभेला उत्तर मध्य मुंबईतून हरले आणि २०२५ मध्ये राष्ट्रपतिनियुक्त खासदार झाले. म्हणजे वाट एकच नाही. कुणी वॉर्डातून आलं, कुणी विधान परिषदेतून, कुणी थेट वरून.

आता सभागृहाबद्दल. कोर्टात गाजलेला वकील सभागृहात गाजेलच असं नाही. त्याचं पहिलं कारण भाषा. आपण फोर्टात इंग्रजीत विचार करतो, इंग्रजीत ड्राफ्ट करतो. विधानभवनात मराठी लागते, आणि तीही अशी की गडचिरोलीच्या आमदारालाही ती आपली वाटावी. दुसरं कारण वेळ. लक्षवेधीवर (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचं लक्ष वेधणारी सूचना) बोलायला मिनिटं मिळतात, तास नव्हे. ‘माय लॉर्ड, मी तीन मुद्दे मांडतो’ ही सवय तिथे चालत नाही. दुसरा मुद्दा संपायच्या आत अध्यक्ष पुढच्याचं नाव पुकारतात.

पण एक ठिकाण असं आहे जिथे वकील आमदार इतर सगळ्यांपेक्षा एक पाऊल पुढे असतो. मंत्र्यांचं ठेवणीतलं उत्तर असतं: ‘सदर प्रकरण न्यायप्रविष्ट आहे.’ हे ऐकलं की बहुतेक सदस्य खाली बसतात. न्यायप्रविष्ट बाबीवर चर्चा नको, असा नियमच आहे. पण वकील उठून विचारू शकतो: कोणत्या न्यायालयात, याचिकेचा क्रमांक काय, स्थगिती आहे का, असेल तर कशाला, शेवटची तारीख कधी होती आणि सरकारतर्फे उत्तराचं शपथपत्र दाखल झालं का? अनेकदा उत्तर असं निघतं की स्थगिती नाहीच, सरकारने शपथपत्रच दिलेलं नाही आणि मॅटर वर्षभर बोर्डावर, म्हणजे सुनावणीच्या यादीत, आलेलं नाही. म्हणजे विषय कोर्टामुळे अडलेला नसतो, खात्यामुळे अडलेला असतो. एका तरुण आमदाराला मी हे प्रश्न एका कागदावर लिहून दिले होते. पुढची सगळी मुदत तो कागद त्याच्या खिशात होता.

दुसरं ठिकाण म्हणजे विधेयक वाचणं. तुमच्या भागाशी जोडलेलं उदाहरण देते. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी सेस (उपकर) भरणाऱ्या जुन्या इमारतींसाठी म्हाडा कायद्यात कलम ७९-अ आणलं गेलं. विधिमंडळाने ते २०२० मध्ये मंजूर केलं, राष्ट्रपतींची मंजुरी यायला २०२२ ची अखेर उजाडली. साधारण रचना अशी: इमारत धोकादायक जाहीर झाली की मालकाला पुनर्विकासाचा प्रस्ताव आणायला सहा महिने, एक्कावन्न टक्के रहिवाशांच्या संमतीसह. त्याने नाही आणला तर रहिवाशांच्या प्रस्तावित संस्थेला सहा महिने. त्यांनाही जमलं नाही तर म्हाडा. वाचायला छान आहे. पण इमारत धोकादायक आहे हे कोण ठरवणार, एक्कावन्न टक्के मोजताना खालची दुकानं धरायची का, वारस ठरला नसलेल्या खोलीचं मत कुणाचं, हे प्रश्न शेवटी कोर्टात येतात. विधेयकावरच्या चर्चेत तेच विचारले गेले आणि एखादी दुरुस्ती सुचवली गेली, तर शंभर इमारतींतल्या माणसांच्या दहा-दहा वर्षांच्या तारखा वाचतात. दुरुस्ती फेटाळली गेली तरी मंत्र्याचं उत्तर कार्यवाहीत छापलं जातं आणि पुढे कामाला येतं.

आणखी एक. मंजूर झालेला कायदा खरंच लागू होतो का, याचा पाठपुरावाही करावा लागतो. महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला होता. केंद्राचा ‘रेरा’ हा स्थावर मालमत्तेचा कायदा आला तेव्हा त्याच्याच कलम ९२ ने आपला कायदा रद्द झाला. त्यावर केलेली सगळी मेहनत पुसली गेली. समवर्ती सूची (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येणारे विषय), अनुच्छेद २५४ (दोघांचे कायदे भिडले तर कोणता टिकतो) आणि राष्ट्रपतींची मंजुरी या गोष्टी परीक्षेपुरत्या वाचल्या असतील तर पुन्हा वाचा. राज्याच्या राजकारणात त्या रोजच्या आहेत.

आता तुमच्या खऱ्या अडचणीकडे येते. एका वादात वकिलाची एकच बाजू असते. चाळीच्या पुनर्विकासात तुम्ही रहिवाशांच्या समितीचं वकीलपत्र घेतलं की विकासक समोरच्या बाजूला. उमेदवार झालात की समिती, समितीला विरोध करणारा गट, तळमजल्यावरचा पिठाच्या गिरणीवाला, मालकाचा भाचा आणि विकासकाचा माणूस, सगळे तुमच्या संपर्क कार्यालयात चहा प्यायला येतात आणि सगळ्यांना तुम्ही ‘आपले’ हवे असता. इथे अनेक वकील घसरतात. ज्याचं वकीलपत्र कधी होतं त्याच्याविरुद्ध त्याच वादात उभं राहायचं नाही, हा बार कौन्सिलचा नियम तर आहेच. माझा सल्ला त्याहून कडक आहे: ज्या मतदारसंघातून लढायचं तिथली पुनर्विकासाची आणि झोपडपट्टी पुनर्वसनाची प्रकरणं आत्तापासूनच घेणं बंद करा. हातातली असतील ती दुसऱ्या वकिलाकडे सोपवा. फी बुडेल. बाहेरच्या भागातली भाड्याची, कौटुंबिक, फौजदारी कामं ठेवा. अशिलाच्या विषयावर तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न) टाकू नका. पालिकेत निवडून गेलात तर पालिकेच्या बाजूने किंवा विरुद्ध वकीलपत्र नको. लोक विसरत नाहीत. शिवडीतल्या नाक्यावर कुणी कुणाची केस घेतली होती, ते हायकोर्टाच्या रेकॉर्डपेक्षा पक्कं लक्षात असतं.

निवडणुकीचा कायदा तुम्ही स्वतः वाचाल अशी आशा आहे, म्हणून थोडक्यात. उमेदवारी अर्जासोबतच्या नमुना २६ च्या शपथपत्रात एकही रकाना रिकामा ठेवू नका. लागू नसेल तर ‘निरंक’ लिहा. रिकाम्या रकान्यांवर अर्ज फेटाळता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितलंय. आंदोलनातले जमावबंदीचे गुन्हेही त्यात दाखवा. पक्षाची अधिकृत उमेदवारी दाखवणारे ए आणि बी फॉर्म शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत निवडणूक अधिकाऱ्याकडे हवेत. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्या एबी फॉर्मवर मी दिवस दिवस युक्तिवाद ऐकले आहेत, फळ शून्य. विधानसभेची खर्चाची मर्यादा चाळीस लाख आहे, हिशेब निकालानंतर तीस दिवसांत. कुणाच्या निवडीला आव्हान द्यायचं तर पंचेचाळीस दिवसांत हायकोर्टात.

आणि प्रचारातली जीभ. धर्माच्या नावावर मतं मागण्याविषयीचा देशाचा कायदा बराचसा मुंबईच्याच मतदारसंघांतून घडला आहे. १९८७ ची विलेपार्ल्याची पोटनिवडणूक, १९९० मधली मनोहर जोशींची दादरची निवड, आणि त्याच वर्षीची अभिराम सिंह यांची सांताक्रूझची निवड. पहिल्या दोन्हींचे सर्वोच्च न्यायालयातले निकाल ११ डिसेंबर १९९५ ला एकाच दिवशी लागले. विलेपार्ल्याची निवड रद्द राहिली. जोशींच्या बाजूने निकाल लागला, तेव्हा ते मुख्यमंत्री होते. सांताक्रूझच्या प्रकरणातला कायद्याचा प्रश्न सात न्यायमूर्तींनी चार विरुद्ध तीन मतांनी सोडवला तो जानेवारी २०१७ मध्ये. निवडणूक होऊन सव्वीस वर्षं उलटली होती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३(३) मधलं ‘त्याचा धर्म’ म्हणजे उमेदवाराचा की मतदाराचाही, एवढाच वाद. बहुमत म्हणालं, दोघांचाही. कायद्याप्रमाणे निवडणूक याचिका सहा महिन्यांत संपवायचा प्रयत्न व्हायला हवा.

आता विधी विभागाचं पद. घ्या. पण तिथे नेमकं काय करायचं ते आधी ठरवून घ्या. बहुतेक ठिकाणी विधी विभाग म्हणजे रात्री अटक झालेल्या कार्यकर्त्यांचे जामीन करणं, फुकट. ते करावं लागतं, त्यातून माणसं जोडली जातात. पण तुमची संध्याकाळ पूर्ण त्यातच गेली तर सकाळचं बोर्ड सांभाळायला ताकद उरत नाही आणि अशील गळायला लागतात. त्याऐवजी मतदार याद्या, प्रभाग रचनेवरच्या हरकती, छाननी, ही कामं मागून घ्या. त्यात कायदा आहे आणि मतदारसंघाची गल्लीन्‌गल्ली त्यातून कळते. शिवाय पक्षाला तुमची गरज तिकीटवाटपाच्या आठवड्यात भासते, आणि तीच वेळ महत्त्वाची असते. एखादा भरवशाचा ज्युनिअर आत्तापासून तयार करा. अधिवेशन आणि तुमचं मॅटर एकाच दिवशी लागणारच आहे, आणि ‘साहेब सभागृहात आहेत’ या कारणावर न्यायाधीश किती वेळा तारीख देतील?

नगरसेवकपदाची पायरी मुंबईत कधी लागेल याचा भरवसा नसतो, हेही बघितलं पाहिजे. मार्च २०२२ मध्ये पालिकेची मुदत संपली आणि मग कित्येक वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात वॉर्डावर सगळा डाव लावलेल्या कितीतरी तरुणांची उमेद संपली. ज्यांची वकिली चालू होती ते तगले.

बॅनरबद्दल एक वाक्य. वकिलाला जाहिरात करायला बंदी आहे, बार कौन्सिलचा नियम ३६. राजकारणात फ्लेक्सशिवाय पान हलत नाही. नावाआधी ‘ॲड.’ लावा, पण खाली ‘मोफत कायदेशीर सल्ला’ आणि मोबाईल नंबर टाकू नका. आणि विनापरवाना फलकांवर हायकोर्टाचे आदेश आहेत. तुम्ही वकील असून त्यात सापडलात तर न्यायाधीश तुम्हाला वेगळ्या नजरेने बघतात.

शेवटी एक वाट, जी तुमच्यासारख्यांनी गंभीरपणे घ्यावी असं मला वाटतं: विधान परिषदेचा मुंबई पदवीधर मतदारसंघ. वयाची अट तीस, ती तुम्ही पार केली आहे. मतदान पसंतीक्रमाने होतं, पहिली पसंती, दुसरी पसंती, आयोगाने दिलेल्या पेनानेच. बार कौन्सिलच्या निवडणुकीत काम केलं असेल तर हे गणित तुम्हाला नवीन नाही. इथे मतदार यादी दर वेळी नव्याने करतात, जुनं नाव आपोआप पुढे येत नाही. १ नोव्हेंबर या अर्हता दिनांकाच्या किमान तीन वर्षं आधी पदवी मिळालेला, मतदारसंघातला रहिवासी नमुना १८ भरून नाव नोंदवू शकतो. लालबाग, परळ, शिवडीतली गिरणी कामगारांची पदवीधर मुलं-मुली मोजा. त्यांतल्या बहुतेकांची नावं या यादीत नसतात. नोंदणी सुरू झाली की आधी स्वतःचा अर्ज भरा, पदवी प्रमाणपत्राची साक्षांकित प्रत जोडून, आणि मग चाळीतल्या प्रत्येक मजल्यावर फॉर्म घेऊन जा.